शिंकेची गोळी आणि घरातल्या बाकीच्या गोळ्या

भडगाव तालुक्यातल्या एका ताईंचा प्रश्न आहे. त्यांचे सासरे, म्हणजे नाना, वय ६८. बीपीसाठी टेल्मिसार्टन, शुगरसाठी मेटफॉर्मिन, कोलेस्टेरॉलसाठी अ‍ॅटोर्व्हास्टॅटिन आणि प्रोस्टेटसाठी रात्री टॅमसुलोसिन. कपाशीची वेचणी सुरू झाली, जिनिंग चालू झाले की नानांना सकाळी उठल्याबरोबर शिंकांचा सपाटा लागतो, डोळे चोळून लाल होतात, मधूनच अंगावर पित्त उठतं. ते मेडिकलवरून शिंकेची गोळी आणतात. सर्दी वाढली की वर सर्दीची गोळी, आणि कंबर धरली की दुखण्याची. ताईंचे यजमान केळीच्या ट्रकवर ड्रायव्हर आहेत, रावेर-सावद्याकडून दिल्लीपर्यंत जातात, तेही हीच शिंकेची गोळी घेतात. घरात तीन वर्षांची मुलगी आहे, तिला गोळीचा पाव तुकडा दिला तर चालेल का, हेही विचारलंय. मुख्य प्रश्न असा: "या सगळ्या गोळ्या एकत्र चालतात का, आणि मध्ये किती तासांचं अंतर ठेवायचं?"

मी फार्मासिस्ट आहे. तालुक्याच्या गावात बरीच वर्षं मेडिकल चालवतो आणि "भाऊ, खाजनी गोयी दे" हे रोज ऐकतो. गोळी देण्याआधी मी विचारतो, बाकी काय चालू आहे? बहुतेक जण म्हणतात, काही नाही. बीपीची गोळी रोजची झाली की लोक तिला औषधात धरतच नाहीत. ताई, तुम्ही सगळ्या गोळ्यांची नावं लिहून पाठवलीत, म्हणून नेमकं सांगता येतंय.

आधी सरळ उत्तर देतो. नानांच्या रोजच्या चार गोळ्यांबरोबर सेट्रिझिन किंवा लेव्होसेट्रिझिन सहसा चालते, पण किडनी ठीक असेल तर. सर्दीची गोळी मात्र नानांना नको. यजमानांनी ट्रक चालवायचा असेल तर त्यांची गोळी बदलायला हवी. मुलीला मोठ्यांच्या गोळीचा तुकडा देऊ नका. आणि तासांच्या अंतराने यातलं जवळजवळ काहीच सुटत नाही. सेट्रिझिन एकदा घेतली की तिचा परिणाम चोवीस तास असतो. सकाळी एक आणि दुपारी दुसरी घेतली म्हणून त्या एकमेकींना चुकवत नाहीत. अंतर उपयोगी पडतं ते दोन-तीन ठिकाणीच, ती पुढे सांगतो.

खरी अडचण दुसरीकडे असते. माणूस ज्या दोन गोळ्या वेगळ्या समजून घेतो, त्यांच्या पोटात एकच औषध असतं. म्हणून स्ट्रिपवरचं मोठं रंगीत नाव सोडून द्या आणि मागच्या बाजूची बारीक अक्षरं वाचा. इंग्रजीत असतात, डोळ्यांना ताण पडतो, पण शाळेत जाणाऱ्या पोरालाही ती वाचता येतात. "प्रत्येक गोळीत" अशा अर्थाची ओळ असते आणि तिच्याखाली एकाखाली एक औषधांची नावं, पुढे मिलिग्रॅम. शिंकेच्या गोळीमागे एकच नाव असेल, समजा लेव्होसेट्रिझिन ५ मिलिग्रॅम. सर्दीच्या गोळीमागे तीन-चार असतात: पॅरासिटामॉल, फिनाइलेफ्रिन, क्लोरफेनिरामिन, कधी कॅफिन. यातलं क्लोरफेनिरामिन हीसुद्धा शिंकेचीच गोळी, जुन्या पिढीतली. खोकल्याच्या पातळ औषधाच्या बाटलीवर पाहा, तिथेही बऱ्याचदा क्लोरफेनिरामिन किंवा डायफेनहायड्रामिन सापडेल. म्हणजे शिंकेची गोळी, सर्दीची गोळी आणि खोकल्याचं औषध मिळून नानांनी एका दिवसात तीन अँटिहिस्टामिन (शिंका-खाज थांबवणारी औषधं) घेतली, आणि त्यांना वाटतं एकच घेतली. पॅरासिटामॉलचंही असंच होतं. अंगदुखीची गोळी आणि सर्दीची गोळी, दोन्हींत ते असतं.

एक विनंती मेडिकलवाल्यांनाही आणि गिऱ्हाइकांनाही. चार गोळ्या कापून देताना नाव असलेला तुकडा कापला जातो आणि हातात नुसती चांदी येते. घरी गेल्यावर ती कसली गोळी हे कोणालाच सांगता येत नाही. नाव आणि मुदत असलेला भाग मागून घ्या, नाहीतर कागदावर लिहून घ्या. जनऔषधी दुकानातून घेतलेली गोळी आणि डॉक्टरांनी लिहिलेली कंपनीची गोळी नावाने वेगळी, आतून एकच, असंही होतं. दोन्ही डब्यात ठेवून दोन्ही खाणारे मी पाहिले आहेत.

अँटिहिस्टामिनच्या दोन पिढ्या आहेत, आणि बाकीच्या औषधांशी पटणं-न पटणं यावरच ठरतं. जुन्या पिढीत क्लोरफेनिरामिन, फेनिरामिन (आपल्याकडची एव्हिल), डायफेनहायड्रामिन, प्रोमेथाझिन, हायड्रॉक्सिझिन. या मेंदूत शिरतात, झोप आणतात. शिवाय तोंड कोरडं करतात, लघवी अडवतात, बद्धकोष्ठ करतात, घाम कमी करतात. नव्या पिढीत सेट्रिझिन, लेव्होसेट्रिझिन, लोराटाडिन, फेक्सोफेनाडिन, बिलास्टिन. यांचा मेंदूवर परिणाम कमी. सेट्रिझिनने काहींना झोप येते, फेक्सोफेनाडिन आणि बिलास्टिनने फारच थोड्यांना. माझं मत स्पष्ट आहे: साठीच्या पुढच्या माणसाला शिंका-खाजेसाठी जुन्या पिढीतली गोळी रोज देण्याचं आज काही कारण उरलेलं नाही. ती स्वस्त आहे, हे कारणही आता टिकत नाही, कारण सेट्रिझिनही स्वस्त झाली आहे.

आता नानांची सर्दीची गोळी. टॅमसुलोसिनचं काम मूत्राशयाच्या तोंडाशी असलेले स्नायू सैल करून लघवीला वाट देणं. फिनाइलेफ्रिन नेमके तेच स्नायू आवळतं. क्लोरफेनिरामिन मूत्राशयाच्या पिशवीला ढिलं पाडतं, म्हणजे ती जोर लावून रिकामी होत नाही. तोंड आवळलेलं आणि मागून जोर नाही. प्रोस्टेट वाढलेल्या म्हाताऱ्या माणसाची लघवी अशा दोन औषधांनी रात्रीतून पूर्ण तुंबू शकते, ओटीपोट फुगतं आणि नळी घालावी लागते. वेदना फार भयानक असतात. हिवाळ्यात अशी माणसं पहाटे दवाखान्यात येतात आणि डॉक्टरांनी "काल काय घेतलं?" विचारलं की उत्तर बऱ्याचदा सर्दीची गोळी हेच असतं. काचबिंदूच्या काही प्रकारांतही या जुन्या गोळ्यांनी डोळ्यातला दाब एकदम वाढतो, म्हणून काचबिंदूचे थेंब चालू असलेल्यांनी आधी विचारावं.

फिनाइलेफ्रिनबद्दल आणखी एक. ते रक्तवाहिन्या आवळतं, त्यामुळे बीपी असलेल्यांनी ते टाळावं असं आम्ही शिकलोच आहोत. पण पोटातून घेतलेलं फिनाइलेफ्रिन आतड्यात आणि यकृतात इतकं मोडून जातं की नाकापर्यंत फारसं पोचतच नाही. २०२३ च्या सप्टेंबरमध्ये अमेरिकेच्या औषध प्रशासनाच्या तज्ज्ञ समितीने एकमताने सांगितलं की गोळीतून दिलेलं फिनाइलेफ्रिन चोंदलेलं नाक मोकळं करत नाही. फायदा नाही आणि नानांना धोका आहे, तर घ्यायचं कशाला? नाक चोंदलं तर मिठाच्या पाण्याने धुणं, आणि डॉक्टरांनी सांगितला तर नाकात मारायचा स्टिरॉइडचा स्प्रे. नाकाचे झायलोमेटाझोलिन किंवा ऑक्सिमेटाझोलिनचे थेंब लगेच नाक उघडतात, पण चार-पाच दिवसांच्या वर वापरले की उलटतात. थेंब थांबवले की नाक आधीपेक्षा जास्त चोंदतं आणि माणूस त्या बाटलीशी बांधला जातो.

कंबरदुखीच्या गोळीकडे ताईंनी ओझरतं पाहिलंय, मला मात्र तीच जास्त खटकते. डायक्लोफेनॅक, असिक्लोफेनॅक, आयब्युप्रोफेन या गोळ्या किडनीकडे जाणारा रक्तपुरवठा कमी करतात. टेल्मिसार्टनसारख्या गोळ्यांबरोबर हा भार आणखी वाढतो, आणि बीपीच्या गोळीत लघवीचं औषध मिसळलेलं असेल (टेल्मिसार्टनबरोबर हायड्रोक्लोरोथायझाइड किंवा क्लोरथॅलिडोन) तर फारच. आता धागा जोडून पाहा. सेट्रिझिन आणि लेव्होसेट्रिझिन शरीराबाहेर पडतात त्या मुख्यतः किडनीतून. वाढतं वय, जुनी शुगर आणि वर रोजची दुखण्याची गोळी, यांनी किडनी मंदावली की तीच नेहमीची ५ मिलिग्रॅमची गोळी अंगात साचायला लागते. घरचे म्हणतात नाना हल्ली दिवसभर झोपतात, चालताना झोक जातो, वय झालं. अशा वेळी वयाला दोष देण्याआधी क्रिएटिनिन (किडनी कशी चालते ते सांगणारा रक्तातला आकडा) तपासावं. शिवाय या दुखण्याच्या गोळ्यांनी काही माणसांच्या अंगावर पित्त उठतं किंवा असलेलं वाढतं. काहींचा दमाही उसळतो. नानांच्या गांधी कंबरदुखीच्या गोळीनंतर उठतात का, हे चार-सहा वेळा नीट लक्ष ठेवून पाहा. तसं असेल तर शिंकेची गोळी वाढवण्यापेक्षा दुखण्याची गोळी बंद करणं हाच उपाय. पॅरासिटामॉल बहुतेकांना चालतं.

झोपेची भर ही दुसरी मोठी गोष्ट. शुगरच्या माणसाला पायांच्या जळजळीसाठी प्रीगाबालिन किंवा गॅबापेंटिन चालू असतं, जुन्या डोकेदुखीसाठी अमिट्रिप्टिलिन, कोणाला झोपेसाठी अल्प्राझोलाम, गुडघ्यासाठी ट्रॅमाडॉल. यातली प्रत्येक गोळी मेंदूला सुस्त करते. त्यावर क्लोरफेनिरामिन किंवा हायड्रॉक्सिझिन पडली की सुस्ती नुसती वाढत नाही, म्हातारा माणूस रात्री लघवीला उठताना पडतो, खुब्याचं हाड मोडतं. कधी बरळायला लागतो, ओळखत नाही. ट्रॅमाडॉल किंवा कोडीनबरोबर श्वासही मंदावू शकतो. दारूचंही हेच, मग ती देशी असो, मोहाची असो की बाटलीतली. पोटात मुरडा आला की घेतात त्या गोळीतलं डायसायक्लोमिनसुद्धा अमिट्रिप्टिलिनसारखंच घाम आणि लघवी अडवणाऱ्या कुळातलं आहे, हे फार कमी जणांना ठाऊक असतं.

आणि आपल्याकडे घामाचा विषय किरकोळ नाही. जळगाव-भुसावळला मे महिन्यात पारा ४५ च्या पुढे जातो. त्या उन्हात शरीर वाचतं ते घामावर. जुन्या पिढीतल्या अँटिहिस्टामिन घाम कमी करतात, लघवीची गोळी पाणी काढते, अमिट्रिप्टिलिन पुन्हा घाम अडवते. अशा माणसाला केळीच्या बागेत किंवा वीटभट्टीवर दुपारी काम करताना उष्माघाताचा धोका इतरांपेक्षा जास्त असतो. उन्हाळ्यात अंगाला खाज आली म्हणून एव्हिलच्या गोळ्या घेत शेतात जाऊ नका. घामोळ्यांची खाज त्याने तशीही फारशी जात नाही.

यजमानांबद्दल. रात्रभर ट्रक चालवणाऱ्याने क्लोरफेनिरामिन असलेली कोणतीही गोळी घेऊ नये. "ट्रिपच्या आधी नाही, आदल्या रात्री घेतो" असं ड्रायव्हर मंडळी सांगतात. पण या औषधाचं अर्धं प्रमाण अंगातून जायला २० तासांच्या आसपास लागतात, म्हणजे दुसऱ्या दिवशीही ते चालूच असतं. डोळे मिटत नाहीत, पण पुढच्या गाडीचा ब्रेक लाइट लागल्यावर पाय उचलायला उशीर होतो, आणि तो उशीर ज्याचा त्याला जाणवत नाही. सेट्रिझिननेही काहींना गुंगी येते. त्यांनी डॉक्टरांना विचारून फेक्सोफेनाडिन किंवा बिलास्टिन घ्यावी, आणि पहिली गोळी घरी असताना, सुट्टीच्या दिवशी घेऊन पाहावी. चहा-कॉफीने किंवा तंबाखूच्या बारने ही गुंगी जात नाही.

अंतराचा प्रश्न इथे येतो. फेक्सोफेनाडिन साध्या पाण्याबरोबरच घ्यायची. संत्र्याचा, सफरचंदाचा, ग्रेपफ्रूटचा रस तिचं आतड्यात शोषण कमी करतो. मोसंबी त्याच कुळातली, म्हणून तीही दूर ठेवावी. ढाब्यावर ज्यूसबरोबर गोळी घेतली की "ही गोळी लागूच पडत नाही" अशी तक्रार येते. अ‍ॅल्युमिनियम-मॅग्नेशियम असलेलं अ‍ॅसिडिटीचं गुलाबी-पांढरं पातळ औषधही तिला धरून ठेवतं, त्यात दोन तासांचं अंतर हवं. बिलास्टिन रिकाम्या पोटी, खाण्याआधी एक तास किंवा खाल्ल्यावर दोन तासांनी. सेट्रिझिनला असलं पथ्य नाही.

हृदयाबद्दल थोडं सविस्तर सांगतो, कारण इथे एक इतिहास आहे. झोप न आणणारी शिंकेची गोळी म्हणून टर्फेनाडिन १९८० च्या दशकात जगभर गाजली. नंतर लक्षात आलं की एरिथ्रोमायसिन हे अँटिबायोटिक किंवा किटोकोनाझोल ही बुरशीची गोळी तिच्याबरोबर घेतली तर काही माणसांच्या हृदयाचे ठोके एकदम बिघडतात, माणूस बेशुद्ध पडतो, काही दगावले. कारण असं की टर्फेनाडिन यकृतात लगेच मोडली जाते आणि मोडल्यावर जे बनतं तेच खरं काम करतं. एरिथ्रोमायसिन आणि किटोकोनाझोल हे मोडणं अडवतात. मग न मोडलेली टर्फेनाडिन रक्तात साचते आणि दोन ठोक्यांच्या मध्ये हृदयाला पुन्हा तयार व्हायला लागणारा वेळ लांबवते. १९९८ मध्ये ती अमेरिकेच्या बाजारातून गेली. आणि मोडल्यावर जे बनायचं, तेच वेगळं काढून आज आपण फेक्सोफेनाडिन म्हणून घेतो. हृदयाचा तो दोष तिच्यात नाही.

टर्फेनाडिन गेली, पण त्या जातीची गाठ अजून पडते. तापासाठी दिलेल्या पुडीत अ‍ॅझिथ्रोमायसिन असतं, जोडीला गॅसची कॅप्सूल, तिच्यात पँटोप्राझोलबरोबर डॉम्पेरिडोन, आणि खाजेसाठी हायड्रॉक्सिझिन. अ‍ॅझिथ्रोमायसिन, डॉम्पेरिडोन आणि हायड्रॉक्सिझिन, तिन्ही हृदयाचा तोच वेळ लांबवू शकतात. तरुण, धडधाकट माणसाला बहुधा काही होत नाही. पण हृदयाचा आजार असलेल्याला, जुलाब-उलट्यांनी पोटॅशियम उतरलेल्याला, म्हाताऱ्याला ही तिकडी नको. हायड्रॉक्सिझिनवर युरोपच्या औषध संस्थेने २०१५ मध्ये मर्यादा घातली: मोठ्यांना दिवसाला १०० मिलिग्रॅमच्या वर नाही, आणि म्हाताऱ्यांना शक्यतो नकोच, द्यावीच लागली तर ५० पर्यंत.

नायट्याचं औषधही याच प्रकरणात बसतं. गेल्या काही वर्षांत गजकर्ण-नायटा इतका चिवट झालाय की घरोघरी इट्राकोनाझोल चालू असतं, महिना-दीड महिना, आणि जोडीला खाजेची गोळी. इट्राकोनाझोल हे किटोकोनाझोलचंच भावंड, तेही यकृताचं मोडण्याचं काम अडवतं. त्याच्याबरोबर एबास्टिन किंवा रुपाटाडिन या शिंका-खाजेच्या गोळ्या टाळाव्या, डॉम्पेरिडोन असलेली गॅसची कॅप्सूल तर नाहीच. अ‍ॅटोर्व्हास्टॅटिनचं प्रमाण रक्तात वाढून स्नायू दुखू शकतात, बीपीसाठी अमलोडिपिन घेणाऱ्यांच्या पायांवरची सूज वाढते. नाकातला फ्लुटिकासोनचा स्प्रेसुद्धा इट्राकोनाझोलबरोबर फार दिवस चालला तर अंगात स्टिरॉइड साचतं. त्यात पँटोप्राझोलने पोटातलं आम्ल कमी झालं की इट्राकोनाझोलची कॅप्सूल नीट शोषलीच जात नाही, नायटा हटत नाही, आणि कोर्स लांबतो. अशा वेळी खाजेसाठी सेट्रिझिन, लेव्होसेट्रिझिन बरी, कारण ती यकृतावर फारशी अवलंबून नाही. आणि नायटा असताना खाजेची गोळी ही फक्त खाज थांबवते, बुरशी तशीच वाढत राहते, हे विसरू नका.

स्टिरॉइडबद्दल मला कळकळीने सांगायचंय. खाज आणि शिंका "एका दिवसात" थांबवणाऱ्या पुडीत बारीक पांढरी किंवा गुलाबी गोळी असते, बहुधा बीटामेथासोन, डेक्सामेथासोन किंवा प्रेडनिसोलोन. कधी ती क्लोरफेनिरामिनबरोबर एकाच गोळीत असते. नानांसारख्या माणसाची शुगर तिने तीनशे-चारशेवर जाऊ शकते आणि घरचे आंब्याला दोष देतात. दुखण्याच्या गोळीबरोबर स्टिरॉइड घेतलं तर जठरात जखम होऊन रक्त जातं, शौचाला डांबरासारखी काळी होते. आठवडेच्या आठवडे घेतल्यावर एकदम बंद केलं तर बीपी कोसळतं, म्हणून तेही आपल्या मनाने बंद करायचं नाही. दमा-अ‍ॅलर्जीवर लेबल नसलेली "आयुर्वेदिक" पावडर विकणारे बाजाराच्या दिवशी दिसतात. अशा पुड्यांत स्टिरॉइड मिसळलेलं निघतं, म्हणून एका पुडीत फरक पडला की शंका घ्या. घरगुती ज्येष्ठमधही थोडा चघळायला हरकत नाही, पण बीपीच्या माणसाने रोज काढा करून प्यायला तर बीपी वाढतं आणि पोटॅशियम उतरतं.

मॉन्टेलुकास्ट (दमा-अ‍ॅलर्जीचं औषध) आणि लेव्होसेट्रिझिनची जोडगोळी हल्ली सरसकट लिहिली जाते. बाकीच्या औषधांशी तिचं भांडण फारसं नाही. पण मॉन्टेलुकास्टने काहींचा, विशेषतः लहान मुलांचा, स्वभाव बदलतो. वाईट स्वप्नं, चिडचिड, उदासी, क्वचित जीव देण्याचे विचार. मार्च २०२० मध्ये अमेरिकेत त्यावर सर्वांत कडक इशारा छापणं सक्तीचं झालं. नुसत्या शिंकांसाठी ती लागतेच असं नाही. आणि तिच्यात लेव्होसेट्रिझिन आहे, वर वेगळी सेट्रिझिन घेऊ नका.

जे अ‍ॅलर्जी वाटतं ते दर वेळी अ‍ॅलर्जी नसतं, हेही सांगायला हवं. बीपीसाठी रामिप्रिल किंवा एनालाप्रिल चालू असेल तर महिनोन् महिने कोरडा खोकला लागतो. लोक त्यावर शिंकेच्या गोळ्या आणि खोकल्याच्या बाटल्या संपवतात, तो हटत नाही. डॉक्टरांनी बीपीची गोळी बदलली की काही आठवड्यांत जातो. याच गोळ्यांनी क्वचित ओठ, जीभ सुजते. ती सूज अँटिहिस्टामिनला दाद देत नाही आणि जिवावर बेतू शकते. नंदुरबारला मिरचीच्या पथारींवर काम करणाऱ्यांच्या नाकाडोळ्यांची आग ही मिरचीच्या तिखटपणाने होते, तिथे गोळीपेक्षा नाकावर घट्ट ओला फडका आणि घरी येऊन नाक धुणं जास्त उपयोगी. आणि सर्वांत महत्त्वाचं: कपाशीवर फवारणी करून आलेल्या माणसाचं नाक वाहतंय, डोळ्यांतून पाणी, तोंडाला लाळ, घाम फुटलाय, बाहुल्या टाचणीएवढ्या झाल्यात, तर ती सर्दी नाही, विषबाधा आहे. शिंकेची गोळी देत बसू नका. कपडे काढून अंग साबणाने धुवा आणि औषधाची बाटली किंवा तिचं लेबल बरोबर घेऊन थेट दवाखान्यात न्या.

तीन वर्षांच्या मुलीला पाव गोळी देऊ नका. लहान मुलांचा डोस वजनावर ठरतो आणि त्यांच्यासाठी वेगळं पातळ औषध मिळतं. सर्दीच्या मिश्र औषधांबाबत तर देशाच्या औषध नियंत्रकांनी डिसेंबर २०२३ मध्ये क्लोरफेनिरामिन-फिनाइलेफ्रिनच्या मिश्रणावर "४ वर्षांखालील मुलांना देऊ नये" असं छापायला लावलं आहे. प्रोमेथाझिन दोन वर्षांखाली कधीच नाही. प्रवासात बाळ झोपावं म्हणून ते पाजतात, तो प्रकार श्वास थांबवू शकतो. गरोदर आणि अंगावर पाजणाऱ्या बायांना सेट्रिझिन, लोराटाडिन डॉक्टर देतात, पण आपल्या मनाने नको.

एखादं औषध, डास-मधमाशीचा डंख किंवा खाण्यानंतर काही मिनिटांत अंगभर पित्त उठून सोबत श्वास लागला, आवाज घोगरा झाला, चक्कर आली, उलट्या झाल्या तर घरातल्या डब्यातली गोळी शोधण्यात वेळ घालवू नका. तिथे मांडीत दिलेलं अ‍ॅड्रेनलिनचं इंजेक्शन जीव वाचवतं, एव्हिल आणि डेक्सा नंतरचे. १०८ ला फोन करा. माणसाला आडवं ठेवा, श्वास लागला असेल तर बसतं करा. बीपी-हृदयासाठी अ‍ॅटेनोलोल, मेटोप्रोलोल, प्रोप्रानोलोल चालू असेल तर डॉक्टरांना लगेच सांगा, कारण त्या गोळ्यांमुळे अ‍ॅड्रेनलिनचा असर कमी पडू शकतो.

नानांनी सेट्रिझिन महिनोन् महिने रोज घेतली असेल आणि ती बंद केल्यावर दोन-चार दिवसांत अंगभर भयंकर खाज सुटली, तर घाबरू नका. फार दिवस घेतल्यावर बंद केल्याने असं होऊ शकतं, मे २०२५ मध्ये अमेरिकेच्या औषध प्रशासनाने तसा इशाराही दिला. अशा वेळी डॉक्टर ती पुन्हा सुरू करून हळूहळू कमी करतात. अ‍ॅलर्जीची त्वचेवरची चाचणी करायची ठरली तर मात्र गोळी साधारण आठवडाभर आधी थांबवावी लागते, नाहीतर चाचणीत काहीच दिसत नाही.

ताई, आता एवढं करा. घरातल्या सगळ्या स्ट्रिप, बाटल्या, पुड्या एका पिशवीत घाला आणि पुढच्या खेपेला नानांबरोबर डॉक्टरांकडे न्या, सर्दीची आणि कमरेचीही. नानांच्या रक्तातल्या क्रिएटिनिनचा शेवटचा रिपोर्ट कधीचा आहे ते पाहा. वर्षाच्या आतला नसेल तर नवा करून घ्या, शुगर असलेल्याला तो तसाही दरवर्षी लागतोच. तो आकडा हातात आला की नानांना लेव्होसेट्रिझिन पाच द्यायची, अडीच द्यायची की फेक्सोफेनाडिनही कमी डोसात द्यायची, हे डॉक्टर तिथल्या तिथे ठरवतील. तोपर्यंत सर्दीची गोळी आणि कमरेची गोळी डब्यातून बाजूला काढून ठेवा.